गंबोरोनंतर राणीखेतची लस का फसते?

राणीखेतची लस वेळेवर देऊनही मरतूक झाली, की कुक्कुटपालक लसीला दोष देतात. पुष्कळदा मूळ गंबोरोत असते. ३ ते ६ आठवड्यांच्या पिल्लांत हा विषाणू गुदद्वारावरील बर्सा ग्रंथीत शिरून प्रतिपिंडे बनविणाऱ्या पेशी मारतो. एरवी विषाणू शिरताच पेशीतील इंटरफेरॉनची जनुके कार्यान्वित होऊन शेजारच्या पेशींना सावध करतात. गंबोरोच्या विषाणूचे व्हीपी-४ प्रथिन नेमके हेच दाबते. दाह वाढविणारी जनुके मात्र जोरात चालतात. बर्सा सुजतो, मग आकसतो. पिल्लू वरून बरे दिसले तरी पुढील लसीला प्रतिसाद तोकडाच. म्हणून मेलेल्या पिल्लांचा बर्सा पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावा. गंबोरोच्या लसीचा दिवस अंदाजाने ठरवू नये. कोंबडीकडून अंड्यातून आलेली प्रतिपिंडे जास्त असल्यास लस वाया जाते. रक्तजल तपासणी करावी. विषाणू शेडमध्ये महिनोन्महिने टिकतो, तेव्हा तुसाची जुनी गादी काढून निर्जंतुकीकरण केल्यावरच नवी पिल्ले आणावीत.