फुलावरचा खेकडा-कोळी : एक अभ्यासपाठ

कोळी म्हटला की जाळे डोळ्यांसमोर उभे राहते. परंतु शिकारीसाठी जाळे न विणणारे कोळीही पुष्कळ आहेत. त्यांपैकी खेकडा-कोळ्यांच्या कुळातील 'मिसुमेना वाटिया' या जातीचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत. स्वीडनचे अभ्यासक कार्ल क्लर्क यांनी १७५७ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले.

युरोप व उत्तर अमेरिकेतील मोकळी कुरणे आणि रस्त्याकडेची रानफुले हे तिचे निवासस्थान. गोल्डनरॉडच्या पिवळ्या तुऱ्यांवर किंवा पांढऱ्या डेझीवर मादी दबा धरून बसते. पुढच्या पायांच्या दोन जोड्या लांब असतात; ते पाय पसरून ती मधमाशीसारखा स्वतःहून मोठा कीटकही पकडते. ती खेकड्याप्रमाणे तिरकी चालते. मादी सुमारे १० मिलिमीटरपर्यंत वाढते. नर तिच्यापेक्षा बराच लहान असतो.

मादी फुलानुसार पांढरी वा पिवळी होते. पिवळे द्रव्य बाह्य आवरणाच्या पेशींत साचले की ती पिवळी दिसते; ते निघून गेले की आतील पांढरेपणा प्रकटतो. पिवळे होण्यास साधारण १० ते २५ दिवस लागतात, पुन्हा पांढरे होण्यास सुमारे ६ दिवस.

'रंग जुळला म्हणून शिकार अधिक मिळते,' असे आम्हीही वर्गात अनेक वर्षे निःशंकपणे शिकविले. मात्र २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रत्यक्ष नोंदी घेतल्या असता, रंगजुळणीमुळे शिकार वाढल्याचे आढळले नाही. रंगबदल खरा आहे. त्याचे कारण आम्ही पडताळणीविना सांगत होतो. ही चूक येथे नोंदविणे आम्ही आमचे कर्तव्य मानतो.

मादी बहुधा मिल्कवीडसारख्या वनस्पतीचे पान दुमडून, रेशमाने बांधून त्यात अंडी घालते व त्यांची राखण करते. मिल्कवीड ही आपल्या रुईच्या कुळातील वनस्पती. म्हणून अवेळी गवत कापले तर केवळ फुले जात नाहीत. पुढची पिढीही नष्ट होते.

याच कुळातील 'थोमिसस' प्रजातीचे कोळी भारतातही फुलांवर आढळतात. पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी मुलांसमवेत बांधावरचे एखादे फूल रोज पाहावे, कोळी दिसल्यास त्याला न हात लावता तारीख, फूल, रंग व शिकार यांची नोंद करावी. ती नोंद पुस्तकातील विधानाशी जुळली नाही, तर ती खोडू नये. पुन्हा पाहावे आणि शिक्षकांना निर्भयपणे प्रश्न विचारावा.