परसातील अनोळखी झाडे : ओळख आणि उपाय

मृगाचा पाऊस पडून आठ-दहा दिवस लोटले की परसातील मोकळी जागा हिरवी होऊ लागते. वाफ्यात पेरलेल्या रोपांबरोबरच शेणखतातून, उकिरड्यावरून, पाखरांच्या विष्ठेतून आणि वाऱ्याबरोबर आलेले कितीतरी अनोळखी कोंब वर येतात. अशा वेळी घरोघर दोन प्रकार पाहावयास मिळतात. काही ठिकाणी विळा घेऊन सरसकट सारे कापून टाकले जाते व त्यात पपई, शेवगा, टाकळा अशी उपयोगी रोपेही जातात. अन्य ठिकाणी 'उगवले आहे तर असू द्यावे' म्हणून सारेच राखले जाते आणि दोन महिन्यांनी भाजीच्या वाफ्याशेजारी धोतरा बोंडांवर येतो. दोहोंचे मूळ एकच. झाड कोणते हे न पाहता त्याचे काय करावयाचे ते आधीच ठरविले जाते.

रोगांच्या बाबतीतही हेच घडते. "मिरचीवर काय फवारावे?" हा प्रश्न गावपातळीवरील कार्यकर्त्यास दररोज विचारला जातो, मिरचीस काय झाले आहे, हा प्रश्न मात्र क्वचितच. वास्तविक औषधाचे नाव ही शेवटची पायरी होय.

अनोळखी रोप समोर आले असता प्रथम पान कोठे सुरू होते ते ठरवावे. कढीलिंबाच्या एका काडीवर पंधरा-वीस हिरवी पाती दिसतात, ती पंधरा-वीस पाने नव्हेत. ते सबंध एकच पान असून ती पाती म्हणजे त्याच्या पर्णिका होत. ओळखण्याची खूण सोपी आहे. पानाचा देठ खोडास जेथे चिकटतो त्या बगलेत बारीकसा डोळा असतो. पर्णिकेच्या बगलेत तो कधीच नसतो. एवढे समजले की पुष्कळसा घोटाळा मिटतो.

त्यानंतर पाने खोडावर समोरासमोर आहेत की एकाआड एक, ते पाहावे. मग खोड बोटांत फिरवून गोल आहे की चौकोनी याचा अंदाज घ्यावा, पान चुरगाळून वास घ्यावा व देठ मोडून चीक येतो का ते पाहावे. चौकोनी खोड, समोरासमोर पाने व सुवास ही तिन्ही लक्षणे एकत्र आढळली तर रोप बहुधा तुळशीच्या कुळातील, म्हणजे सब्जा, पुदिना वा त्यांच्या भाईबंदांपैकी असते. 'बहुधा' म्हणण्याचे कारण घाणेरी. तिचेही खोड चौकोनी, पाने समोरासमोर व वास उग्र. पण तिच्या खोडावर आकडीसारखे बारीक काटे असतात, पान खरखरीत लागते, आणि तिचा पाला खाल्ल्यास गुरांना विषबाधा होते. म्हणून एकाच लक्षणावर निकाल देऊ नये. चिकाचेही तसेच आहे. रुई आणि पिवळी कण्हेर यांना चीक असतो व ती विषारी आहेत. परंतु वड, फणस आणि पपई यांनाही चीक असतोच. चीक तपासताना तो डोळ्यांत जाऊ देऊ नये व हात लगेच धुवावेत. पानाची चव घेऊन ओळख पटविण्याची सवय मात्र कटाक्षाने सोडावी.

नावांविषयीही सावध राहावे लागते. पिवळा धोतरा हा धोतरा नव्हे. तो अफूच्या कुळातील असून त्याची पाने काटेरी व पांढरट शिरांची, फूल पिवळे आणि चीकही पिवळा असतो. त्याचे काळे बारीक बी मोहरीसारखे दिसते. ते मोहरीत मिसळून निघालेल्या तेलामुळे अंगावर सूज येणारा जीवघेणा आजार होतो; 1998 साली दिल्लीत अशा तेलाने अनेक माणसे दगावली. खरा धोतरा वेगळा. त्याचे पान काटेरी नसते, पण तळाशी एका बाजूस तिरके असते. चुरगाळल्यास घाण वास येतो, फूल कर्ण्यासारखे लांब असते व बोंडावर काटे किंवा गाठी असतात. फुलावर येण्यापूर्वी त्याचे कोवळे पान परसातील पालेभाजीबरोबर खुडले जाण्याचा धोका असतो. यास्तव माठ-तांदुळजा खुडताना मुठीने ओढून न घेता रोप पाहून खुडावे.

एरंडाच्या नावाने होणारी फसगत याहून गंभीर आहे. गुरे तोंड लावीत नाहीत म्हणून पुष्कळ गावांत मोगली एरंडाचे कुंपण घातलेले असते, कित्येकदा ते शाळेच्या आवाराभोवतीही असते. साध्या एरंडाचे पान हाताच्या पंजासारखे खोलवर फाटलेले, कडेस दातेरी, फळ काटेरी. मोगली एरंडाच्या पानास तीन ते पाच उथळ कोपरे असतात, फळ गुळगुळीत असून पिकताना पिवळे व नंतर काळपट होते, आणि आत काळ्या सालीच्या बिया निघतात. या बियांचा गर चवीस शेंगदाण्यासारखा लागतो. मुले एकमेकांचे पाहून त्या खातात आणि थोड्याच वेळात ओकाऱ्या व जुलाब सुरू होतात. महाराष्ट्रात शाळकरी मुलांना अशी विषबाधा झाल्याच्या बातम्या पुनःपुन्हा येतात. साध्या एरंडाचे बी तर याहूनही घातक. असे घडल्यास घरगुती उतारे देत बसू नये. मुलास तत्काळ दवाखान्यात न्यावे व त्या झाडाची फळासह डहाळी सोबत न्यावी. वैद्यास नेमके झाड कळले म्हणजे उपचारास दिशा मिळते.

पावसाळ्यात कुंपणावर चढणारी कळलावी फुलली म्हणजे तिच्या पिवळ्या-तांबड्या, मागे वळलेल्या पाकळ्यांमुळे कोणीही ओळखतो. धोका असतो तो फुले नसताना, जमीन खणताना तिचा कंद हाती लागला म्हणजे. हा कंद रताळे वा करांदा समजून खाल्ला गेल्यास प्राणावर बेतते. वेल जागेवर असेल तर पानाचे टोक पाहावे. कळलावीच्या पानाचे टोक लांबून आकडीसारखे वळते व त्याच्या आधाराने वेल चढतो. पानातील शिरा एकमेकींस समांतर असतात. रताळ्याचे पान हृदयाच्या आकाराचे, शिरा जाळीदार आणि देठ मोडल्यास पांढरा चीक. वेल वाळून गेला असेल आणि कंद कोणाचा हे सांगता येत नसेल, तर तो खाऊ नये.

उकिरड्यावर आपोआप उगवलेला दुधी भोपळा हा तर घरचाच वाटतो, त्याविषयी शंका कोण घेणार? परंतु मागील हंगामात कडू जातीच्या वेलाचे पराग येऊन पडलेले असल्यास त्या बियांपासून आलेल्या वेलाची फळे कडू निघतात, आणि हा कडवटपणा विषारी असतो. शिजवूनही तो जात नाही. 2010 साली दिल्लीत कडू दुधीचा रस घेतल्याने एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने नेमलेल्या समितीने या प्रश्नाचा अभ्यास केला. चव घेऊ नये, हा वर सांगितलेला नियम येथे मात्र उलटा लागू होतो. दुधी चिरल्यावर त्याचा लहानसा तुकडा जिभेस लावून पाहावा. कडू लागल्यास थुंकून टाकावा, तोंड धुवावे आणि अख्खे फळ फेकून द्यावे. साखर वा मीठ घालून कडूपणा मारण्याचा प्रयत्न करू नये.

गाजर गवत आता सर्वत्र माहीत झाले आहे. 1955 च्या सुमारास ते पुण्याजवळ प्रथम नजरेस आले व तेथून देशभर पसरले. तरीही त्याचे लहान रोप शेवंतीचे समजून कुंडीत जपल्याची उदाहरणे आढळतात. शेवंतीचे पान चुरगाळल्यास तिचा ओळखीचा वास येतो. गाजर गवताची पाने आरंभी जमिनीलगत चक्राकार पसरतात व नंतर खोड वर येते. ते हातमोजे घालून फुलोऱ्यापूर्वी मुळासकट उपटावे. त्यावर पावसाळ्यात फिकट रंगाचे, तपकिरी नागमोडी रेघा असलेले भुंगेरे दिसल्यास मारू नयेत; ते मेक्सिकोतून मुद्दाम आणून सोडलेले असून हे गवत खाण्याचेच काम करतात.

आता नेहमीच्या तक्रारींकडे वळू. मिरचीवरील 'बोकड्या' अथवा 'चुरडा-मुरडा' हे एक नाव असले तरी त्यामागे कारणे निदान तीन आहेत. पानाच्या कडा वरच्या बाजूस वळून पान होडीसारखे झाले असेल तर ते फुलकिड्यांचे काम समजावे. शेंडा पांढऱ्या कागदावर झटकला असता बारीक, लांबट, हालचाल करणारे किडे दिसतात. पान खालच्या बाजूस वळून उलट्या होडीसारखे झाले असेल तर तेथे कोळी असतो. तो इतका सूक्ष्म असतो की भिंगाशिवाय दिसत नाही. आणि पाने लहान, पिवळट-हिरव्या ठिपक्यांची होऊन सारे झाड खुरटले असेल तर बहुधा विषाणूचा रोग असतो.

उपाय त्याप्रमाणे वेगवेगळे आहेत. फुलकिड्यांसाठी परसात निंबोळी अर्क पुरेसा होतो. 50 ग्रॅम निंबोळ्या कुटून रात्रभर थोड्या पाण्यात भिजत ठेवाव्यात, सकाळी गाळून 1 लिटर पाणी करावे व संध्याकाळी फवारावे. कोळ्यास पाण्यात मिसळणारे 80 टक्के गंधक 1 लिटर पाण्यात 2 ते 3 ग्रॅम या प्रमाणात चालते. मात्र ते कडक उन्हात फवारू नये आणि शेजारच्या काकडी-भोपळ्याच्या वेलांवर उडू देऊ नये, ती पाने करपतात. विषाणू शिरलेल्या झाडास कोणतेही औषध नाही. ते उपटून नष्ट करावे. येथे केवळ किडीचे औषध मारीत राहणारा बागाईतदार पैसा व निरोगी झाडे दोन्ही गमावतो.

लिंबाची पाने पिवळी पडली की पाणी वाढविण्याची प्रथा आहे आणि पुष्कळदा तीच रोगाहून वाईट ठरते. कोणती पाने पिवळी पडली हे आधी पाहावे. खालची, जुनी पाने सबंध पिवळी होत असतील तर झाडास नत्र कमी पडत आहे. कुजलेले शेणखत द्यावे. शेंड्याकडील कोवळी पाने पिवळी पण त्यांच्या शिरा हिरव्या, असे असेल तर लोहाची उणीव होय. दख्खनच्या चुनखडीयुक्त जमिनीत लोह असूनही ते मुळांना घेता येत नाही, आणि बुंध्याशी पाणी साचल्यास हा दोष बळावतो. अशा जमिनीत हिराकस नुसते मातीत टाकल्याने फारसा लाभ होत नाही. 1 लिटर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस व त्याच्या निम्मा भिजविलेला चुना मिसळून, गाळून पानांवर फवारावे व आळ्यातील पाण्याचा निचरा करावा.

टोमॅटोच्या बुडाशी पडणारा काळा, चामड्यासारखा डाग बुरशीने येत नाही; आज कोरडे, उद्या तुडुंब, अशा पाण्यामुळे फळास चुना पोहोचत नाही. बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन घालून पाणी नियमित द्यावे. भोपळ्याची पहिली फुले गळतात म्हणून घाबरू नये, ती नर फुले असतात. नंतर येणाऱ्या, देठाशी इवले फळ असलेल्या मादी फुलांवर मधमाश्या फिरकत नसतील तर सकाळी नर फुलाचे पराग हाताने लावावेत.

एवढे पाहूनही झाड ओळखू आले नाही तर नमुना पाठवावा. भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढून नाव मिळविण्याची सोय आता झाली आहे. शोधाचा आरंभ म्हणून ती उपयोगी आहे. पण त्या नावावर विसंबून कोणतीही वनस्पती खाऊ नये. नमुना फुलाफळासह घ्यावा, नुसते पान पुरत नाही. तो वर्तमानपत्राच्या घडीत पसरून वजनाखाली ठेवावा व कागद रोज बदलावा. प्लास्टिकच्या पिशवीत ओला नमुना दोन दिवसांत कुजतो. सोबतच्या चिठ्ठीत गाव, तारीख, झाडाची उंची, ताज्या फुलाचा रंग, वास, चीक आणि गावात चालणारे नाव लिहावे. वाळल्यावर रंग व वास राहत नाहीत, म्हणून ही नोंद जागेवरच करावी. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठांत किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात असे नमुने दाखविता येतात. पुणे येथे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र असून तेथे वाळविलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह आहे. उत्तर येईपर्यंत मूळ झाडास खुणेची काठी लावून ठेवावी, आणि मुलांना व गुरांना त्यापासून दूर ठेवावे.