मातीतले शिसे

भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. पितळ म्हणजे तांबे व जस्त यांचा मिश्रधातू. ओतकामाच्या पितळेत थोडे शिसेही असू शकते. अशी मोडीची भांडी भट्टीत वितळवली, की शिशाची वाफ निघते. थंड होऊन तिचे सूक्ष्म कण आसपासच्या मातीवर बसतात. पालापाचोळा कुजतो, शिसे कुजत नाही. शिसेयुक्त पेट्रोल भारतात २००० साली बंद झाले, तरी त्यातून मातीत गेलेले शिसे नाहीसे झाले नाही.

मातीत खेळणाऱ्या मुलांच्या हातांवाटे शिसे पोटात जाते. मोठ्यांच्या तुलनेत लहान मुलांचे शरीर ते चार ते पाच पट शोषते. त्याने मेंदूच्या वाढीस बाधा येते; हाडांतही ते साठते. म्हणून धाकट्या भावंडांना भट्टीजवळ खेळू देऊ नका. जेवणापूर्वी त्यांचे हात साबणाने धुवा.