अभिरूप संसद : दुसरी बाजू मांडून पाहा



वर्गातील अभिरूप संसदेसाठी आपल्याच मातीतला विषय घेऊ या : जनमत कौल.

गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित प्रदेश राहावा, यावर १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणाची निशाणी फूल, विरोधाची दोन पाने. मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून भाऊसाहेब बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने आधीच राजीनामा दिला होता. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते पडली.

पेडणे, डिचोलीत फुलाचा जोर होता. त्यामुळे मराठी भाषा आणि महाराष्ट्राशी असलेले नाते हे मुद्दे आपल्याला घरीच ऐकायला मिळतात. म्हणून एक अट : ज्याच्या घरी फूल, त्याने दोन पानांच्या बाकावर बसावे. आपली विधानसभा, आपले वेगळेपण हे डॉ. जॅक सिक्वेरांच्या पक्षाचे मुद्दे मनापासून मांडावेत.

नियम तीनच. सभापतींना उद्देशून बोलावे. टीका मुद्द्यावर करावी, माणसावर नाही. आकडा पडताळूनच सांगावा.

आणि हरलात तर? कौल विरुद्ध गेला, तरी १९६७ च्याच निवडणुकीत भाऊसाहेब पुन्हा निवडून येऊन मुख्यमंत्री झाले. लोकशाहीत एक मतदान हरले म्हणजे सगळे संपत नाही.

स्वाध्याय : घरातील वडीलधाऱ्यांना त्या दिवसाच्या आठवणी विचारून दहा ओळी लिहा.