वॉर्निंग बंद करू का?

प्रश्न : कॉलेजच्या जुन्या पुस्तकातले सी प्रोग्रॅम मी घरी लिनक्सवर जीसीसीने कंपाइल करते. प्रोग्रॅम चालतो, पण आधी चार-पाच वॉर्निंग येतात. माझं टायपिंग चुकतंय का? मैत्रीण म्हणते, वॉर्निंग बंदच करून टाक.
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : टायपिंग बहुधा बरोबरच असेल; पुस्तक टर्बो सीच्या काळातलं दिसतं. पण मैत्रिणीचं ऐकू नका. उलट 'डब्ल्यू-ऑल' हा पर्याय लावा आणि पहिल्या वॉर्निंगपासून दुरुस्त करत या. बऱ्याचदा एक गेली की मागच्या दोन-तीन आपोआप जातात.

'इम्प्लिसिट डिक्लरेशन' दिसलं, तर हेडर फाइल राहिली आहे. प्रिंटएफसाठी एसटीडीआयओ, स्ट्रलेनसाठी स्ट्रिंग. डिक्लरेशनशिवाय फंक्शन वापरायची सवलत सीच्या 1999 च्या मानकाने काढली. जीसीसी 14 मध्ये तर ही वॉर्निंग थेट एररच आहे. 'व्हॉइड मेन'च्या जागी 'इंट मेन' लिहा, विषय संपला.

गेट्सवरची वॉर्निंग मात्र गांभीर्याने घ्या. वीस अक्षरांच्या जागेत कुणी पन्नास टाइप केली, तरी गेट्स थांबत नाही, शेजारच्या मेमरीवर लिहीत सुटतं. म्हणून 2011 च्या मानकातून ते हद्दपार झालं. त्याऐवजी एफगेट्स वापरा. फक्त ते एंटरचं चिन्हही सोबत ठेवतं, ते काढायला विसरू नका. इथे भलेभले फसतात.

आणि स्कॅनएफमध्ये फॉरमॅटची वॉर्निंग आली, तर व्हेरिएबलच्या आधीचं अँपरसँड राहिलं का ते पाहा. तसं असेल, तर ती चूक पुस्तकाची नाही, तुमची!