ठासणीच्या बंदुकीतील दारूचे माप : पीक राखणाऱ्यांसाठी काही सूचना



सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या अंजनगाव सुर्जी, अचलपूर, अकोट व तेल्हारा या पट्ट्यात रानडुकरे आणि रोही यांचा उपद्रव नवीन नाही. शहानूरच्या काठची झुडपे, नाल्यांतील वेडी बाभूळ आणि उभी तूर यांत दिवसभर दडलेला डुकरांचा कळप रात्री बाहेर पडतो व हरभरा, मका, भुईमूग एका रात्रीत उकरून टाकतो. संत्र्याची नवी लागवड व पानपिंपरीचे मळेही यातून सुटत नाहीत. त्यामुळे या भागातील काही शेतकऱ्यांकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली ठासणीची बंदूक, म्हणजेच भरमार, आजही आहे. परवान्यावर तिची नोंद बहुधा 'एस.बी.एम.एल.' अशी असते. एक नळी, तोंडाकडून भरायची, एवढाच त्याचा अर्थ.

ही बंदूक साधी असली तरी तिच्यात एक गोष्ट वेगळी आहे. काडतुसाच्या बंदुकीत दारूचे माप कारखान्यात ठरलेले असते. येथे ते प्रत्येक बाराला शेतकरी स्वतः ठरवतो. नळी फुटून बोटे, डोळा किंवा जीव जाण्याचे अपघात बहुतेक याच ठिकाणी घडतात. म्हणून माप कसे ठरवावे, याचा येथे तपशिलाने विचार केला आहे.

आधी कायद्याविषयी

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. मात्र बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची परवानगी नव्हे, हे नीट लक्षात घ्यावे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार शिकारीस बंदी आहे. उभ्या पिकाचे नुकसान करणाऱ्या रानडुकराबाबत किंवा रोह्याबाबत कलम ११ खाली अधिकृत वन अधिकाऱ्याचा लेखी आदेश मिळाल्यावरच, त्यातील अटींनुसार, पुढची कारवाई करता येते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या अनुसूचींत हे दोन्ही प्राणी अनुसूची दोनमध्ये आहेत. काळवीट अनुसूची एकमध्ये असल्याने त्याच्याबाबत स्थानिक पातळीवर अशी परवानगी मिळत नाही. अंधारात रोही समजून काळवीट मारणे फार महागात पडेल. अर्जासाठी वन परिक्षेत्र अधिकाऱ्याच्या कार्यालयात जावे. नुकसान भरपाईचा अर्जही तेथेच द्यावा, आणि तो आधी द्यावा, कारण बहुतेकांना बंदुकीपेक्षा त्याचाच अधिक उपयोग होतो.

'चार बोटे दारू' या मापातील धोका

जुनी मंडळी बार भरताना बोटाचे माप सांगतात. बार ठासून झाल्यावर गज नळीच्या तोंडाबाहेर किती बोटे राहतो, त्यावरून 'तीन बोटे बार', 'चार बोटे बार' असे म्हणतात. या मापात दारू, डाट आणि छर्रे हे सर्व एकत्र धरलेले असते. ऐकणाऱ्या तरुणाने ते केवळ दारूचे माप समजले, की अनर्थ ओढवतो.

हिशेब करून पाहावा. बारा बोअरच्या नळीचा आतील व्यास सुमारे १८.५ मि.मी. असतो. एक बोट म्हणजे साधारण १९ मि.मी. धरले, तर नळीतील एक बोट दारू जवळपास ५ ग्रॅम भरते. बारा बोअरला हा जवळजवळ पूर्ण बार झाला. चार बोटे निव्वळ दारू म्हणजे २० ग्रॅम, आणि त्यावर गोळी ठासली तर चांगली नळीसुद्धा टिकेल याची खात्री नाही. दुसरे असे, की वीस बोअरची नळी १५.६ मि.मी. व्यासाची असते. तिच्यात तेच एक बोट साडेतीन ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे बोट तेच, पण बारा बोअरमध्ये दारू सुमारे चाळीस टक्के जास्त. शिवाय बापाचे बोट जाड आणि मुलाचे बारीक. बोअरचा आकडा जितका मोठा तितकी नळी लहान, हेही अनेकांना उलटे वाटते. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातील एक गोळी ज्या नळीत बसते ती बारा बोअर, असा तो जुना हिशेब आहे.

म्हणून बोटाचे माप सोडून द्यावे. गजाच्या खुणेचा उपयोग दुसऱ्या कामासाठी आहे, तो पुढे सांगितला आहे.

कोणती दारू

ठासणीच्या बंदुकीत फक्त काळी दारू वापरावी, आणि तीही परवानाधारक विक्रेत्याकडून, परवान्यावर नोंद करून घेतलेली. काडतूस फोडून काढलेली धूररहित दारू या नळीत कधीही घालू नये. ती दिसायला थोडीफार तशीच असते, पण तिच्यामुळे नळीत निर्माण होणारा दाब काळ्या दारूच्या कित्येक पट असतो. 'अर्धीच घातली', 'थोडी मिसळली' हे समर्थन येथे चालत नाही. फटाक्यांतील चंदेरी भुकटी तर त्याहून घातक. घरी दारू कुटण्याचा विचारही करू नये. तो गुन्हा तर आहेच, शिवाय तिचे दाणे सारखे नसल्याने एक बार मऊ व दुसरा कडक असा प्रकार होतो.

काळ्या दारूतही दाण्याचा फरक आहे. बारीक दाणा लवकर जळतो आणि तेवढ्याच मापात जास्त दाब देतो. मोठ्या बोअरच्या बंदुकीला मध्यम किंवा मोठा दाणा योग्य. विक्रेत्याने दाणा बदलला असेल, तर जुने माप तसेच चालवू नये. खालच्या मापापासून पुन्हा सुरुवात करावी.

नळीची तपासणी

माप ठरवण्याआधी नळी त्या लायकीची आहे का, हे पाहावे लागते. मुंगेर किंवा जम्मू येथील कारखान्यांत बनलेल्या बंदुकीच्या नळीवर चाचणीची खूण असते. आजोबांच्या काळातील बंदुकीवर ती पुसटही दिसत नसेल, नळीत गंजाचे खड्डे असतील, कोठे फुगवटा लागत असेल किंवा निपल सैल असेल, तर परवानाधारक कारागिराला दाखवल्याशिवाय तिच्यात बार भरू नये. पिळाच्या पट्ट्यांपासून जोडून केलेल्या जुन्या विलायती नळ्या दिसायला फार सुंदर असतात. मात्र त्यांच्या सांध्यांत आतून गंज चढला असला तरी तो वरून दिसत नाही. अशी नळी भिंतीवरच शोभते.

सुरुवातीचे माप

दारूचे माप ड्राममध्ये सांगण्याची पद्धत आहे. एक ड्राम म्हणजे १.७७ ग्रॅम, अथवा सुमारे २७ ग्रेन. नळी निर्दोष असेल आणि दारू काळी, मध्यम दाण्याची असेल, तर छर्ऱ्यांसाठी पुढील माप रूढ आहे. बारा बोअरला अडीच ड्राम (४.४ ग्रॅम) दारू व २८ ग्रॅम छर्रे येथून सुरुवात करावी, तीन ड्राम (५.३ ग्रॅम) दारू व ३२ ग्रॅम छर्रे यापुढे जाऊ नये. वीस बोअरला दोन ड्राम (३.५ ग्रॅम) व २१ ग्रॅम छर्रे ही सुरुवात, आणि अडीच ड्राम व २५ ग्रॅम ही मर्यादा. कारखान्याने बंदुकीबरोबर याहून कमी मर्यादा दिली असेल, तर तीच पाळावी.

दारू आणि छर्रे यांचे आकारमान साधारण सारखे ठेवावे, असा एक जुना व उपयोगी नियम आहे. ज्या मापाने दारू घेतली, त्याच मापाने छर्रे घ्यावेत. दारू जास्त व छर्रे कमी झाले, की डाट छर्ऱ्यांमधून पुढे घुसतो आणि मध्ये मोकळी जागा राहून छर्रे कड्यासारखे पसरतात. एवढ्या आवाजानंतरही जनावर तसेच उभे कसे राहिले, याचे कारण पुष्कळदा हेच असते.

नळीत आटे असलेली ठासणीची रायफल आपल्याकडे क्वचितच दिसते. तिच्यात नळीपेक्षा किंचित लहान शिशाची गोल गोळी कापडाच्या चकतीत गुंडाळून ठासतात. तिचा रूढ नियम असा, की इंचाच्या शतांशात जितका व्यास तितक्या ग्रेन दारूपासून सुरुवात. म्हणजे अर्ध्या इंचाच्या नळीला ५० ग्रेन, साधारण सव्वातीन ग्रॅम. चकतीसाठी घट्ट विणीचे निव्वळ सुती कापड हवे. मांजरपाट चालते, पण टेरिकॉट वितळून नळीला चिकटते. बार झाल्यावर समोर पडलेली चकती उचलून पाहावी. ती जळून भोके पडलेली असेल, तर दारू जास्त झाली आहे किंवा कापड पातळ आहे. ती केवळ काळवंडलेली व अखंड असेल, तर माप ठीक आहे.

अचूकतेची चाचणी

दारू दीडपट केली म्हणजे मारा दीडपट लांब जातो, हा समज चुकीचा आहे. गोल गोळी जितकी वेगात निघते, तितका हवेचा अडथळा तिला जास्त होतो, आणि वाढवलेला वेग थोड्याच अंतरात संपतो. वाढतो तो खांद्याचा धक्का आणि नळीवरचा ताण. त्यामुळे 'सर्वांत जोरदार बार' न शोधता 'सर्वांत सारखा बार' शोधावा.

चाचणी परवान्याच्या अटींत बसेल अशा ठिकाणी, मागे मातीचा उंच बांध पाहून, शक्य असल्यास रायफल क्लबच्या मैदानावर करावी. वाळूच्या पोत्यावर बंदूक टेकवून, गोळीसाठी ४० मीटरवर आणि छर्ऱ्यांसाठी २५ मीटरवर मोठा कागद लावावा. एकाच मापाचे पाच बार टाकावेत. नंतर पाव ड्राम वाढवून पुन्हा पाच. छर्ऱ्यांसाठी ७५ से.मी. व्यासाच्या वर्तुळात किती छर्रे बसले, हे मोजावे. ज्या मापाला गोळ्या सर्वांत जवळ पडल्या, ते आपल्या बंदुकीचे माप. ते बहुधा मर्यादेच्या खालीच सापडते. पुढे दारू वाढवली की गोळ्या पुन्हा विखुरतात, आणि त्यानंतर वाढवण्यात अर्थ नसतो. माप, दाणा, डाटाचा प्रकार व तारीख वहीत लिहून ठेवावी. गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा खात्रीचा मारा ४० मीटरच्या आतला आहे. त्यापलीकडे जखमी झालेले रानडुक्कर तुरीत शिरते, आणि सकाळी वेचणीला आलेल्या बायामाणसांवर उलटते.

बार भरताना

दारूच्या डब्यातून थेट नळीत दारू ओतू नये. आधीच्या बाराची ठिणगी आत राहिली असेल, तर सगळा डबा हातात पेटतो. दारू मापात घ्यावी व मापातून नळीत टाकावी. घरीच मोजून बुचाच्या लहान नळ्यांत एकेक बार भरून ठेवणे सर्वांत चांगले. ही युक्ती जुनीच आहे. ३० डिसेंबर १८०३ रोजी याच अंजनगाव सुर्जीला दौलतराव शिंदे व इंग्रज यांच्यात तह झाला. त्या युद्धातील इंग्रजांचे पायदळ आधी मोजून कागदात बांधलेली दारू वापरत असे. शिपायाच्या अंदाजावर ते काम सोडलेले नव्हते.

गजावर दोन खुणा करून घ्याव्यात. एक रिकाम्या नळीची, दुसरी ठरलेला बार भरलेल्या नळीची. भरण्यापूर्वी गज घालून पाहावा. पहिली खूण तोंडाशी आली नाही, तर आत काहीतरी आहे. काल रात्री भावाने बार भरून ठेवला आणि आज आपण त्यावर दुसरा भरला, असे होण्याला एवढ्याने आळा बसतो. भरल्यावर दुसरी खूण तोंडाशी आलीच पाहिजे. गोळी दारूवर पूर्ण टेकली नाही व मध्ये पोकळी राहिली, तर नळी त्या जागी फुगते किंवा फुटते. ठासताना गज दणदण आपटू नये, सारख्या दाबाने बसवावा, आणि तोंड व छाती नळीच्या रेषेत आणू नये. टोपी सगळ्यांत शेवटी, बंदूक समोर धरल्यानंतरच चढवावी.

डाटाला काथ्या किंवा जुनी चिंधी वापरण्याची सवय आहे. ती धुमसत दूर जाऊन पडते. फेब्रुवारी-मार्चमध्ये वाळलेल्या गव्हात किंवा पऱ्हाटीच्या ढिगाऱ्यात पडलेला असा डाट रानडुकरांपेक्षा जास्त नुकसान करील. जाड पुठ्ठ्याच्या किंवा नमद्याच्या चकत्या वापराव्यात. टोपी वाजली पण बार उडाला नाही, तर किमान एक मिनिट नळी सुरक्षित दिशेला तशीच धरून ठेवावी, लगेच खाली करून पाहू नये.

निगा

काळी दारू जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन स्वरूपात मागे राहतो. हा मळ हवेतील ओल ओढतो, आणि श्रावणात एका रात्रीत नळी गंजते. त्याच दिवशी नळी कडक पाण्याने धुऊन, कोरडी करून, तेलाचा पातळ हात द्यावा. जवसाचे तेल नळीत वापरू नये, ते वाळून चिकट थर बसतो. दस्त्याच्या लाकडाला मात्र ते उत्तम. पुढचा बार भरण्याआधी तेल पुसून, रिकाम्या नळीवर एक टोपी वाजवून पाहावी. नळीच्या तोंडाशी धरलेले गवताचे पान हलले, तर निपलचे छिद्र मोकळे आहे.

दारू मूळच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, कुलपात, चुलीपासून व फवारणीच्या औषधांपासून दूर ठेवावी. टोप्या वेगळ्या खोलीत ठेवाव्यात. भिजून गोळे झालेली दारू उन्हात किंवा चुलीजवळ वाळवू नये, गोळे कुटूही नयेत. भरपूर पाण्यात टाकली की तिच्यातील सोरा विरघळतो व ती निकामी होते. ते पाणी गुरांच्या टाक्यापासून दूर, खड्ड्यात ओतावे, आणि तेवढी दारू परवान्याच्या नोंदीतून कमी करून घ्यावी.