खाड्यांच्या हिशोबाने

पनवेल

चि. सोनू हिस,



डिसेंबरात पनवेलहून निघून समुद्राच्या कडेकडेने मालवणपर्यंत जायचा तुम्हा मैत्रिणींचा बेत आणि त्याचा आराखडा मिळाला. पाच दिवस, अकरा ठिकाणं, रोजचं अंतर दोनशे किलोमीटरच्या आत. कागदावर सगळं नेटकं दिसतं. अडचण एवढीच, की तो किलोमीटर मोजून आखलाय. कोकण किनाऱ्यावरचा दिवस खाड्या, भरती-ओहोटी, ऋतू आणि उजेड ठरवतात. तो हिशोब नीट समजून घेतलास तर याच प्रवासाचं सोनं होईल, म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे.

पनवेलच्या माणसाला रस्त्यांचं अप्रूप नसतं. पुण्याचा द्रुतगती मार्ग कळंबोलीहून सुटतो, गोव्याचा रस्ता पळस्पे फाट्याला वळतो. हा गोव्याचा रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६६, जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही सतरा नंबर. पनवेलला सुरू झालेला हा रस्ता गोवा, कर्नाटक, केरळ ओलांडून कन्याकुमारीला संपतो. द्रुतगती मार्गाची सवय झालेले लोक 'शंभर किलोमीटर म्हणजे दीड तास' हे गणित पळस्प्याच्या पुढेही चालवू बघतात आणि फसतात. पनवेल ते माणगावजवळचं इंदापूर या ८४ किलोमीटरच्या पट्ट्याचं रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झालं आणि तपाहून जास्त काळ रेंगाळलं. महामार्ग सोडून किनाऱ्याच्या रस्त्याला लागलं की चढ, उतार, नागमोडी वळणं आणि गावातल्या अरुंद गल्ल्या सुरू होतात. तिथे तासाला तीस-पस्तीस किलोमीटर पडले तरी उत्तम म्हणायचं.

त्यातून मध्ये खाड्या येतात.

सह्याद्रीतून पश्चिमेला उतरणारी प्रत्येक नदी समुद्राला मिळताना किनारा कापून जाते. मुरूड-जंजिऱ्याच्या खाली राजपुरीची खाडी, बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री. सागरी महामार्गावर या मोठ्या खाड्यांवर पूल व्हायचे आहेत. ते होईपर्यंत गाडी जंगलजेटीत, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीत, चढवायची. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड अशा चार ठिकाणी ही सोय आहे. दाभोळला उभं राहिलं की पलीकडचं धोपावे डोळ्यांसमोर दिसतं, पण जेटी चुकली तर दापोली, खेड, चिपळूण करत गुहागरला पोहोचायला शंभराहून जास्त किलोमीटरचा वळसा पडतो. तुझ्या आराखड्यात दाभोळ आणि गुहागर एका ओळीत आहेत, मधली जेटी मात्र कुठेच नाही. तिच्या फेऱ्यांच्या वेळा आदल्या दिवशी फोन करून विचार आणि शेवटच्या फेरीच्या भरवशावर कधीही राहू नकोस. शनिवार-रविवारी आणि नाताळच्या सुट्टीत गाड्यांची रांग लागते, आणि आपल्या आधीची गाडी शेवटची ठरू शकते.

असा प्रवास जगात इतरत्रही लोक करतात. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा ई ३९ हा महामार्ग क्रिस्तियानसान ते ट्रॉनहेम सुमारे अकराशे किलोमीटर जातो आणि वाटेत सात ठिकाणी गाडी फेरीबोटीत घालावी लागते. तिथे दिवस आखताना बोटीच्या वेळा आधी मांडतात आणि जेवणखाण, मुक्काम त्यांच्याभोवती बसवतात. तूही तसंच कर. आधी जेट्या लिही, मग गावं.

भरतीची वेळ काढायला इंटरनेट लागत नाही. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशोब आहे: तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी, आणि रोज वेळ पाऊण तासाने पुढे. हिशोब ढोबळ आहे, पण घरची दिनदर्शिका उघडून प्रत्येक मुक्कामाची तिथी काढलीस तर दिवस आखायला पुरतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास, भांगाला, हा फरक कमी असतो. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा खडकांतून थेट समुद्राच्या अंगाला उतरते. ती ओहोटीतच करायची, कारण भरतीच्या लाटांनी तिथे माणसं ओढून नेली आहेत. हेदवीची बामणघळ मात्र भरतीला पाहायची, कारण खडकाच्या चिरेत घुसलेलं पाणी उंच उसळताना तेव्हाच दिसतं. पण ती लांबून, गावकरी सांगतील तिथे उभं राहून. आणि कोणी कितीही आग्रह केला तरी गाडी पुळणीवर घालू नका. ओहोटीत घट्ट वाटणाऱ्या वाळूत चाकं रुततात आणि भरती कोणासाठी थांबत नाही.

आता उजेड. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत. इथे सूर्य क्षितिजाकडे जवळजवळ सरळ उतरतो, म्हणून संधिप्रकाश थोडा वेळच टिकतो. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्यास्त, आणि अर्ध्या तासाच्या आत काळोख. स्कॉटलंडमध्ये उन्हाळ्यात रात्री नऊ-दहापर्यंत उजेड असतो. तिथल्या सहलींचे व्हिडिओ पाहून संध्याकाळी सातला 'अजून एक ठिकाण' जोडायचा मोह आवर. किनाऱ्याच्या रस्त्याला बऱ्याच ठिकाणी दिवे नाहीत आणि वळणावर गुरं बसलेली असतात. पाच वाजता मुक्कामी पोहोचायचं, असं धरूनच सकाळ आख.

ऋतूचाही विचार हवा. वेळासचं कासव तुझ्या यादीत डिसेंबरात आहे, पण ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्राकडे जाताना पाहायची तर साधारण फेब्रुवारी अखेर ते एप्रिल हा काळ. तिथे २००२ पासून 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने आणि गावाने घरटी राखली. तिथे जाशील तेव्हा ती मेहनत आठवून जा, आणि पिल्लं पाहण्यासाठी वेगळी सहल कर. देवगडच्या हापूसचंही तेच; तो एप्रिल-मेमध्ये. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि मालवणहून सिंधुदुर्गाला जाणाऱ्या होड्याही थांबतात. डिसेंबरात मात्र दुसरं मोठं धन मिळतं. सिंधुदुर्गात गावोगावच्या जत्रा सुरू झालेल्या असतात आणि रात्री उशिरा देवळापुढे दशावतार उभा राहतो. मालवणला गेल्यावर जवळपास कुठे जत्रा आहे, ते घरमालकांना विचार. त्यासाठी एक संध्याकाळ मोकळी ठेव. आधी ठरवून जत्रा मिळत नाही.

पुढे कधी पावसाळ्यात निघालात तर सावित्रीचा पूल आठवा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एसटी बस आणि इतर वाहनं गेली. नवा पूल पुढच्याच वर्षी झाला, पण ती माणसं परतली नाहीत. पुलावरून पाणी वाहत असेल, दरडीची सूचना असेल, तर जवळचं गाव गाठायचं आणि तिथेच राहायचं. एक मुक्काम चुकला तरी चालतो.

बेत बदलण्यात कमीपणा नाही. आपल्या शेजारच्या पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये काकांबरोबर उत्तरेला निघाले, ते घरावरचं कर्ज फेडण्यापुरती दक्षिणा मिळवायला. वाटेतच बंडाची बातमी आली, आणि पुढे झाशीच्या वेढ्यापर्यंत सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. मिळवलेलं लुटलं गेलं, वाटा कितीदा बदलल्या. पण आईवडिलांसाठी गंगा आणायचा संकल्प त्यांनी सोडला नाही आणि कावड घेऊनच ते वरसईला परतले. त्यांचं 'माझा प्रवास' १९०७ मध्ये छापलं गेलं आणि आजही वाचलं जातं. तुमच्या सहलीवर असलं संकट येणार नाही. पण निघण्यापूर्वी तुम्ही एकत्र बसून एक गोष्ट पक्की करा: काय झालं तरी काय पाहायचंच आहे? तेवढं धरून ठेवा, बाकीचं वेळ पडली तर सोडून द्या.

ती एक गोष्ट जलदुर्ग असावी, असं वाटतं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी वास्तुरचनेतले बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यांतले सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे तिन्ही तुमच्याच वाटेवर आहेत. त्यांच्याभोवती मुक्काम असे बसतील. पहिल्या दिवशी पळस्पे सोडल्यावर शिरढोणला थांबा. वासुदेव बळवंत फडके तिथे १८४५ मध्ये जन्मले. पुढे कर्नाळा खिडकीतूनच पाहून माणगाव, म्हसळामार्गे हरिहरेश्वर गाठा आणि राहा. दुसऱ्या दिवशी बागमांडल्याची जेटी, केळशी, आणि संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव. समोर सुवर्णदुर्ग असतोच. तिसऱ्या दिवशी दाभोळ आणि तवसाळ या दोन जेट्या, म्हणून मधे फक्त हेदवी, आणि मुक्काम गणपतीपुळ्याला. जवळच्या मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे, ते सकाळी पाहा. चौथा दिवस रत्नागिरी, थिबा राजवाडा आणि राजापूरच्या सड्यावरची कातळशिल्पं. कशेळीच्या कातळावर हत्तीची भली मोठी आकृती कोरलेली आहे आणि तिच्या पोटात इतर प्राणी आहेत. कोकणातली ही शिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. चित्रावर पाय ठेवू नका आणि पाणी टाकून रेषा उठवू नका. पाचव्या दिवशी विजयदुर्ग पाहून मालवण. तिथे दोन रात्री, म्हणजे सिंधुदुर्ग घाई न करता होईल. १६६४ मध्ये पायाभरणी झालेल्या त्या किल्ल्यात, खाऱ्या पाण्याने वेढलेल्या बेटावर, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींना गोडं पाणी आहे. होडीत बसताना लाइफ जॅकेट घट्ट बांधायचं आणि क्षमतेहून जास्त माणसं भरलेली होडी सोडून द्यायची.

म्हणजे पाच दिवसांचे सात झाले, सातवा महामार्गाने परतण्याचा. सुट्टी वाढत नसेल तर गणपतीपुळ्याहूनच परत फिरा आणि सिंधुदुर्ग जिल्हा पुढच्या खेपेला ठेवा.

काही बारीक गोष्टी. निघण्यापूर्वी स्टेपनीत हवा आणि ब्रेक तपासून घे. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियम आहे आणि माणुसकीही. पेट्रोलची टाकी अर्धी झाली की भरून घ्या, कारण किनाऱ्याच्या रस्त्यावर पंप लांब-लांब आहेत. सड्यावर आणि घाटात मोबाइलला रेंज जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेव आणि जेटीसाठी सुटे पैसे जवळ असू देत. नकाशा एखाद्या पाखाडीत शिरायला सांगू लागला तर एसटीच्या चालकाला किंवा दुकानदाराला विचार. घरगुती खानावळीत जेवायचं असेल तर सकाळीच फोन करून माणसं सांगायची. तिथे मोजून तांदूळ वैरतात, ऐन दुपारी जाऊन ताट मिळत नाही.

आता आराखडा पुन्हा लिही. प्रत्येक दिवसापुढे तिथी, भरतीची वेळ, जेटी आणि मुक्कामाच्या घराचा फोन असे चार रकाने कर. एक प्रत आईला दे, दुसरी इकडे पाठव. हर्णै आणि मालवणच्या खोल्या या आठवड्यातच ठरव, कारण नाताळच्या सुट्टीत त्या आधी भरतात.

तुझा,
मामा